यादी न उघडणारे सर

सर कुत्र्यालाही 'आपण' म्हणायचे. जव्हारच्या आमच्या ऑफिसच्या पायरीवर एक लंगडी कुत्री कायम आडवी पडलेली असायची. "आपण जरा सरकता का?" असं तिला विचारून सर उभे राहायचे. ती ढिम्म हलायची नाही. मग चौकटीला अंग घासत, गळ्यातला मफलर सावरत ते आत यायचे. मफलर बाराही महिने. उन्हाळ्यात आम्ही घामाने निथळत असताना त्यांच्या गळ्याला तो तपकिरी लोकरीचा वेढा पाहून मला आणखी उकडायचं. एकदा विचारलंही. म्हणाले, "यंत्रांच्या खोलीत गार असतं, आणि मला तिथे केव्हाही जावं लागतं." खोटं नव्हतं, पण दिवसातल्या दहा मिनिटांसाठी कोण वैशाखात मफलर गुंडाळून फिरतं?

सर मोखाड्याकडच्या पोशेरा गावचे. बापाला जमीन नव्हती. पावसाळाभर दुसऱ्याच्या शेतात मजुरी आणि दिवाळी झाली की वीटभट्टी. सर आश्रमशाळेत शिकले, पुढे ठाण्याला एका कंपनीत मोठमोठे संगणक सांभाळत राहिले आणि एक दिवस सगळं सोडून परत आले. का आले ते कुणालाच नीट सांगितलं नाही. पन्नाशीला आलेला माणूस, बिनलग्नाचा, पुस्तकातली मराठी बोलणारा. फार चिडले तरच ती मराठी गळून पडायची आणि खालचा पोशेरा दिसायचा.

यंत्रांच्या खोलीत तीन मोठे संगणक होते, कुठल्याशा कंपनीने जुने म्हणून देऊन टाकलेले. सरांनी त्यांची नावं ठेवली होती: तांबडी, काळी आणि बोडकी. बोडकीचं वरचं झाकण हरवलं होतं. सकाळी आले की तिघींच्या पाठीवर हात ठेवून विचारायचे, "उठल्या का बायांनो?" एकदा बाहेरून आलेल्या पाहुण्यांच्या कानावर हे पडलं. त्यांना वाटलं, आत बायका कोंडल्यात. एका बाईंनी खरंच दारातून वाकून पाहिलं.

आमची संस्था आरोग्याचं काम करायची. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर शिबिरं लावायची, सिकलसेलसाठी रक्त तपासायचं, निकाल कागदावरून संगणकात चढवायचे आणि ज्यांना औषध लागतं त्यांच्यापर्यंत ते पोचवायचं. निकाल चढवायचं काम माझं. सिकलसेल हा आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार. एकाकडूनच आला तर माणूस ठणठणीत राहतो, त्याला वाहक म्हणतात. पण नवरा आणि बायको दोघंही वाहक असले तर पोराला आजार होण्याची भीती असते. डॉक्टरांच्या लेखी वाहक म्हणजे निरोगी माणूस. पाड्यावर मात्र 'तिच्या रगतात खोट हाय' एवढं एक वाक्य फिरलं की ठरलेली लग्नं मोडतात. त्यामुळे आमच्याकडची ती यादी म्हणजे नुसती यादी नव्हती.

आणि सरांनी ती यादी कधीच उघडलेली नव्हती. तिन्ही यंत्रांच्या किल्ल्या त्यांच्याकडे, मनात आणलं तर दोन बटणांत अख्खी यादी समोर. पण नाही. मी निकाल चढवत असताना त्यांना माझ्या मागून जावं लागलं तर डोळ्यांवर हात धरून जायचे आणि खुर्चीला ठेचकाळायचे. "राखणदाराने दाणे मोजू नयेत," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आम्ही पोरी फिदीफिदी हसायचो. मी जास्तच.

एका दुपारी माझं हसणं बंद झालं. कागदांच्या गठ्ठ्यात माझ्याच पाड्याचा कागद निघाला आणि त्यावर माझं नाव. पुढे शाईने लिहिलेलं: वाहक. मी तो शब्द स्वतःच्या हाताने संगणकात चढवला, गठ्ठा संपवला आणि घरी गेले. नंतर मिळालेलं, वाहकांना देतात ते पिवळं कार्ड पेटीच्या तळाशी सरकवून दिलं. वर्षभराने मोखाड्याच्या बाजूच्या एका घरी माझं लग्न ठरायला लागलं तेव्हाही ते तळाशीच होतं. मुलगा मला आवडला होता. वाडा गावातल्या एका कंपनीत कामाला होता, बोलायला मोकळा. त्याला सांगायचं हे रोज ठरवायचे आणि रोज दुसरंच काहीतरी बोलून वेळ न्यायचे.

आता मुकादमाविषयी सांगायला हवं. आमची सॉफ्टवेअरं वेगवेगळ्या डब्यांत भरलेली असत. एका डब्यात औषधांचा साठा, एकात गाडीच्या फेऱ्या, एकात ती यादी. या डब्यांना कंटेनर म्हणतात. कुठला डबा कुठल्या यंत्रावर ठेवायचा, बंद पडला तर दुसरीकडे कसा चालू करायचा, कुणाला कुठल्या डब्यात हात घालू द्यायचा, हे सगळं पाहणारं आणखी एक सॉफ्टवेअर होतं. सर त्याला मुकादम म्हणायचे. भट्टीवर वाढलेल्या माणसाला दुसरा कुठला शब्द सुचणार? काळी बंद पडली की मुकादम तिचे डबे उचलून तांबडीवर आणि बोडकीवर चढवायचा, आणि पाड्यांवरून फोनवर माहिती भरणाऱ्या ताईंना काही कळायचंही नाही.

या मुकादमाची नवी आवृत्ती आली की बाकीचे लोक ती लवकर चढवून घेतात. सर नाही. "नवा तांदूळ आहे, गिच्च होईल. तीन महिने कणगीत पडू दे," म्हणायचे. आमच्याकडे नवं भात निघालं की देवीला दाखवून चवीपुरतं खातात, आणि ज्यांच्याकडे असतो ते पोटभर शिजवायला जुनाच तांदूळ काढतात. सरांच्या घरी जुना तांदूळ उरण्याची वेळ कधी आलीच नसणार. बहुधा म्हणूनच त्यांना त्याचं एवढं कौतुक असावं. नियम एक-दोनदा कामीही आला होता. घाईने नवी आवृत्ती घेणाऱ्यांचं काम बंद पडलं आणि आमचं चालू राहिलं, तेव्हा सर दोन दिवस शीळ घालत फिरत होते. नवी आवृत्ती आल्याचं पत्र आलं की ते एका वहीत तिचा क्रमांक लिहायचे, पुढे तीन महिन्यांनंतरची तारीख टाकायचे आणि वही मिटायचे. पत्रात खाली काय लिहिलंय ते वाचायचे नाहीत.

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. पाड्यांवर भाताची झोडणी चालू होती, भट्ट्यांवर जायची तयारी चालली होती. सकाळी सरांच्या ठाण्याच्या जुन्या सोबत्याचा फोन आला. सर एरवी फोनवर दोन वाक्यांपुढे जात नाहीत. त्या दिवशी एकही बोलले नाहीत. फोन ठेवला, वही उघडली, एका ओळीवर बोट ठेवलं. मग उठले आणि भिंतीतून येणारी इंटरनेटची वायर हिसकून काढली.

"सर, अहो माझी अर्धी माहिती भरून झालीये!"

"आधी दार लावू द्या," ते म्हणाले.

मुकादमातच खोट निघाली होती. कुठल्याही साध्यात साध्या खात्यातून त्याला एका विशिष्ट पद्धतीने विचारलं, की तो स्वतःची मुख्य किल्ली काढून हातात ठेवायचा. मग सगळे डबे उघडे. बनवणाऱ्यांनी ही खोट दुरुस्त करून नवी आवृत्ती दोन महिन्यांपूर्वीच पाठवली होती, आणि पत्रात 'अतिगंभीर, ताबडतोब बदला' असं लिहिलंही होतं. सरांच्या वहीत त्या ओळीपुढे तीन महिन्यांनंतरची तारीख होती. आता ती विचारायची पद्धत जगभर कुणालाही वाचता येत होती, आणि आमच्याकडे अशी साधी खाती पाड्यांवरच्या सत्तरएक ताईंची होती.

त्यातली एक म्हणजे माझं ज्या घरात ठरत होतं तिथली मामी, मुलाच्या आईची भावजय. ती त्यांच्या पाड्याची आरोग्य ताई होती.

ते दोन दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. सर आत नवी आवृत्ती चढवत होते, एकेक किल्ली बदलत होते. बाहेर मी मामीचा चेहरा आठवत होते. गेल्या महिन्यातल्या मीटिंगला ती मला म्हणाली होती, "पोरी, वाळलीस गं." का म्हणाली? तिने नुसतं म्हटलं, की पाहून म्हटलं? तिला साधा फोटो पाठवता येत नाही, हे मला कळत होतं. तरी फोन वाजला की वाटायचं, आलाच निरोप, मोडलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सर नुकतेच टेकले होते. मी जाऊन उभी राहिले.

"सर, नोंदींमध्ये कळतं ना, कुणी काय उघडलं ते? माझं नाव कुणी पाहिलंय का, तेवढं सांगा."

बोलून गेल्यावर लक्षात आलं, मी काय बोलले. सरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. टेबलावरची पेन्सिल उचलली, परत ठेवली.

"हे आपण मला सांगितलेलं नाही," ते म्हणाले. "आणि नोंदींचं म्हणाल तर त्या पंधराच दिवसांच्या आहेत. यंत्रांत जागा नाही म्हणून जुन्या आपोआप पुसल्या जातात. या पंधरा दिवसांत कुणी उघडलेलं नाही. त्याआधीच्या दीड महिन्याचं मला माहीत नाही. कधी कळणारही नाही." "तीन महिने हा माझा नियम. चूक माझी."

मला त्यांचा भयंकर राग आला. तुमच्या तांदळापायी माझं लग्न मोडायची वेळ आली, असं ओरडावंसं वाटलं. पण त्यांनी दोन दिवसांत जेवणाचा डबा उघडलेला नव्हता आणि डोळे आत गेले होते. मी पाण्याचा तांब्या त्यांच्यासमोर ठेवला आणि बाहेर आले.

संस्थेच्या प्रमुख डॉक्टर मॅडम नाशकाहून आल्या. बाई वाईट नव्हत्या, घाबरलेल्या होत्या. त्यांनी पत्राचा मसुदा करून आणला होता: 'गैरवापराचा कोणताही पुरावा आढळला नाही.'

"वाक्य खरं आहे की नाही?" त्यांनी विचारलं.

"वाक्य खरं आहे," सर म्हणाले. "पण पुरावा आमच्याच यंत्राने पुसलाय. लोकांना तोंडाने सांगायला हवं."

"पाड्यांवर घबराट होईल. लोक पुढच्या शिबिराला रक्तच द्यायचे नाहीत. मग औषध कुणाला पोचवणार आपण?"

मॅडमचं म्हणणं चूक नव्हतं, हे मी आजही सांगेन. सरांनाही ते पटलेलं दिसत होतं, म्हणून तर ते एवढे तळमळत होते. शेवटी म्हणाले, "लोक आठ-पंधरा दिवसांत भट्ट्यांवर जातील. नंतर सांगायला कुणी राहणार नाही. मी उद्यापासून निघतो." रजा टाकून निघाले. बायकांशी बोलायला एक बाई हवी म्हणून मला विचारलं. मी नाही म्हणणार होते आणि हो म्हणाले.

त्यांची पद्धत ऐकून माझं डोकंच फिरलं. ज्यांच्या रक्तात काही निघालं फक्त त्यांच्याच घरी जायचं नाही. पाड्यातल्या प्रत्येक घरी जायचं. कारण ठरावीक घरांपुढे मोटरसायकल थांबली तर अख्ख्या पाड्याला कळणार, कुणाच्या रक्तात काय निघालं ते. शिवाय यादी न उघडता हे सगळं जमत होतं. प्रत्येक उंबऱ्याबाहेर चपला काढायचे, हात जोडायचे आणि तेच बोलायचे: "आपलं रक्त तपासलं असेल तर त्याचा निकाल आमच्याकडे होता. तो आम्ही नीट राखला नाही. कुणी पाहिला का, मला माहीत नाही. चूक माझी." काही जण म्हणायचे बरं. काहींना काय तपासलं होतं तेच आठवत नव्हतं. एका म्हाताऱ्याने शांतपणे सगळं ऐकून विचारलं, "मंग मना रगत परत देशील का?" एका घरात बाईने आमच्यासमोर दार लावून घेतलं आणि आतून तिच्या रडण्याचा आवाज आला. सर त्या बंद दारासमोर बराच वेळ हात जोडून उभे होते.

सातव्या दिवशी ते घर आलं. रस्त्यात मी दोनदा म्हटलं, सर, हा पाडा उद्या करू. सरांनी वेग कमी केला, पण थांबले नाहीत.

खळ्यावर झोडणी चालली होती. मुलाची आई होती, मामी मदतीला आली होती, आणि तो सुट्टी काढून आला होता. मला पाहून हसला. सरांनी चपला काढल्या, हात जोडले, आपलं बोलून घेतलं. मामीचा हात तिथेच थांबला.

"म्हंजे आमी चोर काय? आमच्या फोनातनं कोनी बघलं, असं म्हनता?"

"आपणावर आरोप नाही, ताई."

"मला तं तो फारम भरता बी येत नाय. पोरगीच भरून देते."

म्हणजे आता यादी पाहू शकणाऱ्यांत पोरगी पण. इतक्यात आईने विचारलं, "पन खोट निघालेली नावं कोनाकोनाची हायेत त्यात?"

"मी ती यादी उघडत नाही," सर म्हणाले.

"तुमी नाय उघडत. ही तं टायपिंग करते." आई माझ्याकडे वळली. तिच्या मनात काही नव्हतं, साधं कुतूहल होतं. "तुला म्हाईत असंल ना गं?"

मला 'सांगता येत नाही' म्हणून सुटता आलं असतं. सर तेच म्हणायला तोंड उघडत होते. पण सात दिवस मी त्या माणसाला दारोदार 'चूक माझी' म्हणताना ऐकलं होतं. मी म्हटलं, "बाकीच्यांचं सांगनार नाय. माझं हाय."

भाताची पेंढी त्याच्या हातातच राहिली. "मला बोलली नाय कधी," तो म्हणाला.

"भीती वाटत व्हती."

आई खाली बसली आणि सुपातलं भात विनाकारण पाखडत राहिली. नंतर मामीला म्हणाली, "चहा ठेव." घालवून द्यायचं असेल त्याला आमच्यात चहा ठेवत नाहीत, म्हणून माझा जीव थोडा भांड्यात पडला. कोरा चहा आला. चहा पिताना मुलगा म्हणाला, "शिबिराला मी वाड्याला ड्यूटीवर होतो. माझं तपासलंच नाय. करून टाकू. टेन्शन नको घेऊ." हे बोलताना त्याचा स्वतःचा चेहरा उतरलेला होता.

परत येताना सर भडकलेले होते. मोटरसायकल चालवता चालवता ओरडले, "आख्खी पद्धत मोडलीस, पोरी! एवढी सांभाळून नेत होतो!" पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून 'तू' ऐकलं.

"माझं नाव होतं, सर. माझं मी सांगितलं."

जव्हारच्या अलीकडे, शिरपामाळचा रस्ता फुटतो तिथे त्यांनी गाडी कडेला घेतली. पर्यटकांच्या दोन गाड्या आमच्या बाजूने गेल्या. सर गाडीवरून न उतरता, समोर पाहत बोलले.

"पोशेऱ्याच्या शिबिरात माझंही रक्त घेतलं होतं. सहा वर्षं झाली."

"काय निघालं?"

"पाहिलं नाही. कार्ड आणायला गेलो नाही." मग म्हणाले, "माझी बहीण सांधे दुखून दुखून गेली. नऊ वर्षांची होती. तेव्हा त्या दुखण्याला नाव नव्हतं. बाप म्हणायचा बाहेरचं आहे."

राखणदार, दाणे, डोळ्यांवर धरलेला हात. आम्ही ज्याला तत्त्व समजून हसत होतो त्यात एवढी भीती भरलेली होती. आणि तत्त्वही खरंच होतं, ते काही ढोंग नव्हतं. मला त्यांच्याबद्दल माया वाटली. त्या फाट्यावर मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, आणि त्यांनी तो ठेवू दिला.

"आपण पाहून सांगाल का?" त्यांनी विचारलं.

माझं पुढचं थोडक्यात सांगते. अकराव्या दिवशी त्याचा निकाल आला, साफ निघाला, आणि वैशाखात आमचं लग्न झालं. त्या दहा रात्री मला झोप नव्हती. मामीने पाहिलं होतं का, हे मी तिला कधी विचारलं नाही, आणि आता विचारणारही नाही. पुढच्या शिबिराला रक्त द्यायला माणसं कमी आली. मॅडम म्हणाल्या होत्या तसंच झालं. वर्षभराने त्यांनी संगणकांचं काम पुण्याच्या एका कंपनीला देऊन टाकलं. तांबडी, काळी आणि बोडकी भंगारवाल्याच्या टेम्पोत चढल्या तेव्हा सर हजर होते. हल्ली ते गावाकडे पोरांना संगणक शिकवतात असं ऐकते.

त्या दिवसानंतरची सकाळ मात्र सांगायची राहिली. आम्ही दोघंच लवकर आलो होतो. मी यादी उघडली. सर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी त्यांचं नाव आणि गाव टाकलं. त्याच नावाची पोशेऱ्यात तीन माणसं निघाली. मी वडिलांचं नाव विचारलं. ते त्यांनी इतक्या हळू सांगितलं की मला परत विचारावं लागलं. मग एकच ओळ उरली. मी ती दोनदा वाचली, उठून त्यांच्याजवळ गेले आणि आमच्या पाड्याच्या बोलीत, हळू आवाजात सांगितलं.

"नक्की?" त्यांनी विचारलं.

"नक्की."

सर खाली फरशीवर बसले. मी यादी बंद केली.

काय निघालं ते मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही, आणि इथेही लिहिणार नाही.